'इंटेलेक्च्युअल' : एका शब्दाचा जन्म आणि त्याची जात

काही वर्षांपूर्वी प्राध्यापकाच्या जागेसाठी मी एका महाविद्यालयात मुलाखतीला गेलो होतो. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी माझी प्रमाणपत्रे चाळली, वडिलांच्या व्यवसायाचा रकाना दोनदा वाचला आणि अगदी सहानुभूतीच्या स्वरात विचारले, "तुमच्या घरात काही बौद्धिक वातावरण होतं का हो?"

मी म्हणालो, "बौद्ध वातावरण होतं, सर."

समितीत हशा पिकला. मीही हसलो. ती जागा मला मिळाली नाही; त्याची कारणे आणखीही असतील, त्याविषयी येथे तक्रार करायची नाही. पण तो प्रश्न मनातून गेला नाही. 'बौद्धिक वातावरण' म्हणजे नेमके काय? भिंतीला लागून पुस्तकांचे कपाट? आजोबांची संस्कृत पाठांतरे? आणि ते ज्याच्या घरात नव्हते त्याच्या घरात काय होते, बुद्धी नव्हती?

गंमत अशी की माझे उत्तर मी समजलो होतो तितके विनोदी नव्हते. 'बौद्ध' आणि 'बौद्धिक' हे दोन्ही शब्द 'बुध्' या एकाच धातूपासून आले आहेत. धातुपाठात या धातूचा अर्थ 'अवगमन' म्हणजे जाणणे असा दिला आहे आणि त्याहून जुना अर्थ जागे होणे असा आहे. जो जागा झाला तो बुद्ध आणि ज्या शक्तीने माणूस जागा होतो ती बुद्धी. पण त्या सदस्यांनी वापरलेला 'बौद्धिक' या धातूतून थेट आलेला नव्हता. तो इंग्रजीतून वळसा घालून आला होता. आपल्या विद्यापीठांत, वृत्तपत्रांत, चर्चासत्रांत 'बौद्धिक' हा 'इंटेलेक्च्युअल' या इंग्रजी शब्दाचा प्रतिशब्द म्हणून रुळला आहे. तेव्हा चौकशी करायची तर त्या इंग्रजी शब्दाचीच केली पाहिजे. तो कोठून आला, कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला आणि आपल्याकडे येताना त्याने कोणाचे आडनाव लावले?

'इंटेलेक्ट' हा शब्द लॅटिनमधला. 'इंतेर' म्हणजे मध्ये आणि 'लेगेरे' म्हणजे वेचणे, उचलणे, गोळा करणे. यांपासून 'इंतेल्लिगेरे' हे क्रियापद झाले. अनेक गोष्टींमधून हवी ती वेचून काढणे म्हणजे समजणे. 'लेगेरे'चा अर्थ आधी हाताने वेचणे असा होता. वाचणे हा अर्थ त्याला नंतर चिकटला, कारण वाचणे म्हणजे डोळ्यांनी अक्षरे वेचणेच. जर्मन भाषेतही वेचणे आणि वाचणे यांना आजसुद्धा एकच क्रियापद आहे. याच 'लेगेरे'पासून इंग्रजीत इलेक्शन, सिलेक्शन आणि कलेक्शन आले. 'एलिट' आला, म्हणजे वेचून बाजूला काढलेले उच्चभ्रू लोक. आणि 'निग्लेक्ट' आला, म्हणजे न उचलणे, पडू देणे. वेचलेले आणि न वेचलेले अशी समाजाची दोन्ही टोके एका क्रियापदात सापडावीत, याला काय म्हणावे! लेक्चर आणि लेक्चरर हेही त्याच कुळातले.

हे सारे शब्दकोशात शोधत असताना मला माझी आई आठवत होती. चिखलीच्या कुदळवाडीत भंगाराच्या एका गोडाऊनवर ती अनेक वर्षे निवडणीचे काम करीत होती. पिंपरी-चिंचवड, तळवडे, चाकण येथल्या कारखान्यांनी टाकलेला माल तेथे ढिगाने येऊन पडे. त्यातून तांबे, पितळ, जर्मन, बीड, पत्रा, वायर असे वेगवेगळे काढायचे. लोहचुंबक हाताशी असे, पण तिला ते क्वचितच लागे. तुकडा हातात घेतला की वजनावरून आणि फरशीवर आपटला की आवाजावरून तिला कळे. पितळेत मिसळलेला तांब्याचा बारीक तुकडा मालकाच्या नजरेतून सुटे, तिच्या सुटत नसे. संध्याकाळी काट्यावर माल चढे तेव्हा भाव ठरे तो तिने केलेल्या निवडीचा, पण तिला रोजंदारी मिळे ती हाताच्या कामाची. डोक्याच्या कामाचे पैसे त्या व्यवहारात कोठेच नव्हते. कुदळवाडीतल्या हजारो शेड २०२५ च्या फेब्रुवारीत पाडल्या गेल्या. त्याआधीच गुडघ्यांमुळे तिचे काम सुटले होते.

लॅटिन कोशकाराला 'इंतेल्लिगेरे'चा अर्थ दाखवायला उदाहरण हवे असते, तर त्याने तिच्याकडे बोट दाखवले असते. ती वेचणारी आणि मी लेक्चरर. आम्हां दोघांच्या धंद्यांची नावे एका धातूची आहेत, पगाराची पत्रके तेवढी वेगळी.

संस्कृतकडे वळले तरी हेच दिसते. 'विवेक' हा आपल्याकडे बुद्धीचा सर्वांत उंच पाट. तत्त्वज्ञान्यांनी त्यावर ग्रंथ रचले. पण त्याचा धातू 'विच्'. धातुपाठात त्याचा अर्थ 'पृथग्भाव' म्हणजे वेगळे करणे असा दिला आहे आणि त्याचा जुना वापर धान्य आणि फोलकट वेगळे करण्याच्या संदर्भात आहे. म्हणजे विवेक जन्मला तो खळ्यावर. आणि खळ्यावर कोण होते? उफणणी करणारे, सुपाने पाखडणारे, खाली पडलेले दाणे वेचणारे. महार-मांगांच्या बाया. मळणी झाली की बलुत्याचा वाटा घ्यायला त्याच खळ्याच्या कडेला लांब उभी राहणारी माणसे.

हा काव्यात्म योगायोग म्हणून मी सांगत नाही. यात इतिहास आहे. दोन दूरच्या समाजांनी बुद्धीसाठी शब्द शोधला, तेव्हा दोन्हीकडे तो वेचणाऱ्या-पाखडणाऱ्या हातांतून घेतला. शब्द घेतला आणि हात मागे ठेवले. युरोपात मध्ययुगात 'इंतेल्लेक्तुस' ही लॅटिन जाणणाऱ्या धर्मपंडितांची मिरास झाली. साध्या तर्कशक्तीहून वरची, देवाच्या सत्याला भिडणारी शक्ती म्हणून तिला आकाशात नेऊन ठेवले. आपल्याकडे 'विवेक' आणि 'बुद्धी' संस्कृतात बंद झाले आणि संस्कृत कुणाच्या घरात बंद होते हे या त्रैमासिकाच्या वाचकांना सांगायला नको. आमचे हे चिखली गाव 'टाळगाव चिखली' म्हणून ओळखले जाते, कारण तुकोबांचे टाळ येथे पडले अशी आख्यायिका आहे. पलीकडे देहू. तेथे सतराव्या शतकात एका कुणब्याने अभंगातून धर्माचा अर्थ सांगितला, तेव्हा पहिला आक्षेप अर्थ चुकीचा असल्याचा नव्हता. तुला हा अर्थ सांगण्याचा अधिकारच नाही, हा होता. वह्या इंद्रायणीत गेल्या त्या या आक्षेपामुळे.

इंग्रजांनी हा बंद दरवाजा उघडला, असे आपण शाळेत शिकतो. अर्धाच उघडला. पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून ब्राह्मणांना वाटली जाणारी रक्कम कंपनी सरकारने चालू ठेवली आणि १८२१ साली पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, ती ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, १८५७ मध्ये त्याची वाढीव आवृत्ती निघाली. त्या कोशाचे ऋण मी नाकारीत नाही. माझ्या टेबलावर तो असतो. पण तो ब्राह्मण पंडितांच्या मदतीने सिद्ध झाला. मराठीत ज्ञान कशाला म्हणावे आणि अडाणीपणा कशाला, हे ज्या पिढीत ठरत होते तेव्हा ठरवणारे एकाच आळीतले होते.

आता 'इंटेलेक्च्युअल' या नामाकडे येऊ. इंग्रजीत विशेषण म्हणून हा शब्द जुना आहे. पण समाजातल्या एका विशिष्ट माणसाचे नाव म्हणून तो जगभर गेला तो फ्रान्समधून, आणि त्याला निश्चित तारीख आहे. १८९४ मध्ये फ्रेंच सैन्यातील कॅप्टन आल्फ्रेड द्रेफ्यूस याला हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली. तो ज्यू होता. खरा गुन्हेगार कोण याचा सुगावा लागल्यावरही सैन्याने निकाल बदलू दिला नाही. सैन्याची अब्रू जाते म्हणून एका माणसाचा बळी चालेल, असा तो हिशेब होता. १३ जानेवारी १८९८ रोजी एमिल झोला या कादंबरीकाराने राष्ट्राध्यक्षांना उद्देशून अनावृत पत्र लिहिले आणि सेनाधिकाऱ्यांवर नावे घेऊन आरोप केले. दुसऱ्या दिवसापासून लेखक, शास्त्रज्ञ, प्राध्यापक यांच्या सह्यांची निवेदने त्याच वृत्तपत्रात येऊ लागली. त्या सह्या करणाऱ्यांना 'इंटेलेक्च्युअल' हे नाव पडले. मोरिस बारेससारख्या राष्ट्रवादी लेखकाने ते हिणवण्यासाठी वापरले: पुस्तकी किडे, मुळे तुटलेले, देशापेक्षा तर्क मोठा मानणारे. ज्यांना हिणवले त्यांनी ती शिवी उचलली आणि छातीवर लावली. झोलाला शिक्षा झाली, त्याला इंग्लंडला पळावे लागले. द्रेफ्यूस निर्दोष ठरायला १९०६ साल उजाडले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. झोला ज्यू नव्हता. सह्या करणाऱ्यांतले बहुतेक ज्यू नव्हते. त्यांच्या स्वतःच्या धर्माच्या, वर्गाच्या, राष्ट्राच्या बहुमताने ज्याला चिरडले, त्याच्या बाजूने ते उभे राहिले. त्यांच्यापाशी विद्वत्ता होती हे खरे. पण विद्वत्ता बारेसपाशीही होती. त्याला कुणी इंटेलेक्च्युअल म्हटले नाही. म्हणजे हा शब्द जन्मला तेव्हाच त्याच्या अर्थात विद्येपेक्षा वेगळे काहीतरी होते. रशियन 'इंटेलिजेन्शिया' हा शब्द यापूर्वी काही दशके रूढ होता, पण तो एका थराचे नाव होता. १८९८ मध्ये शब्द थरावरून कृतीवर आला.

आपल्याकडे हा अर्थ सर्वांत नेमकेपणे कुणी पकडला असेल तर तो बाबासाहेबांनी. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले आणि मंडळाने होऊ न दिलेले भाषण त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केले. त्यात ते म्हणतात की कोणत्याही देशात बुद्धिमंतांचा वर्ग हाच सर्वांत प्रभावी असतो, लोक त्याच्या मागे जातात, म्हणून देशाचे भवितव्य त्याच्यावर अवलंबून असते. पण बुद्धी हा स्वतःहून सद्गुण नाही. ते साधन आहे. बुद्धिमंतांचा वर्ग उदात्त माणसांचाही असू शकतो आणि ठकांच्या टोळीचाही. आणि हिंदुस्थानात हा वर्ग म्हणजे ब्राह्मण जातीचेच दुसरे नाव आहे. इतर देशांत जो वर्ग आहे तो येथे जात आहे, म्हणून आपल्या जातीच्या हिताविरुद्ध जाणाऱ्या सुधारणेचे नेतृत्व तो करणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

बारा वर्षांनी, १९४८ मध्ये, अस्पृश्य मूळचे कोण याचा शोध घेणाऱ्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते एक पाऊल पुढे गेले. ब्राह्मणांनी एकही व्होल्तेअर का निर्माण केला नाही, असा प्रश्न त्यांनी घातला. व्होल्तेअर कॅथॉलिक वळणात वाढला आणि त्याच धर्मसत्तेवर उलटला. १७६२ मध्ये तुलूझच्या ज्याँ कालास या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्याला खोट्या आरोपाखाली हालहाल करून मारले, तेव्हा त्याची अब्रू परत मिळवण्यासाठी तो तीन वर्षे झगडला. असा माणूस आपल्याकडे का नाही? बाबासाहेबांचे उत्तर असे की विद्वान आणि इंटेलेक्च्युअल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. विद्वानाला आपल्या वर्गाचे भान असते आणि तो त्या वर्गाच्या हिताला जपतो. इंटेलेक्च्युअल हा वर्गहितातून सुटलेला, मोकळा झालेला माणूस असतो. ब्राह्मणांपाशी विद्वान आहेत, असे ते म्हणाले. हा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला, हे सहसा कुणी सांगत नाही. तिघेही विद्वान नव्हते.

माझ्या मते गेल्या शंभर वर्षांत मराठी माणसाने केलेली या शब्दाची ही सर्वांत चोख व्याख्या आहे. तिचे वैशिष्ट्य असे की ती जन्मावर टिकत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव ज्यांनी मांडला ते गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. हजार बुद्धींचे आडनाव घेऊन जन्मलेल्या त्या माणसाने आपल्याच पूर्वजांच्या ग्रंथाला विस्तव लावण्याचा ठराव मांडला, त्या दिवशी तो बाबासाहेबांच्या अर्थाने इंटेलेक्च्युअल झाला. आडनाव तोपर्यंत नुसते आडनाव होते.

आणि विद्वत्तेचीही अट नाही, याचा पुरावा पुण्यातच आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ साली महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिचे शिक्षण मोजून थोड्या वर्षांचे. पण तिने केलेला युक्तिवाद पाहा. वेद ब्राह्मणांचेच आहेत आणि आम्हाला ते पाहण्याचाही अधिकार नाही, तर मग आम्ही धर्मपुस्तकाविना आहोत, आणि धर्मपुस्तक नाही तर आमचा धर्म कोणता? विश्रामबागेतल्या पाठशाळेला ३४ वर्षे झाली होती. तेवढ्या काळात तेथल्या एकाही पंडिताला हा प्रश्न पडला नव्हता. ज्या वस्तूंचा ढीग सगळे रोज पाहत होते, त्यातून तिने नेमका तुकडा वेचला. 'इंतेल्लिगेरे' याहून वेगळे काय असते?

मग या शब्दाचे मराठीत काय झाले? आपण त्याचे भाषांतर 'बुद्धिजीवी' असे केले. बुद्धीवर जगणारा. श्रमजीवी म्हणजे श्रमावर जगणारा, परोपजीवी म्हणजे दुसऱ्यावर जगणारा, त्याच साच्यातला हा शब्द. त्याने माणसाच्या कृतीवरून नजर काढून त्याच्या पोटावर नेली. वकील, डॉक्टर, कारकून, प्राध्यापक, बँकेतला अधिकारी, सगळे एका फटक्यात बुद्धिजीवी झाले आणि निवडणी करणारी बाई त्यातून बाहेर पडली. दुसरा शब्द 'विचारवंत'. धनवंत, गुणवंत, तसा विचारवंत. विचार ही जणू मालमत्ता. बाबासाहेबांनी 'विद्वान' आणि 'इंटेलेक्च्युअल' यांच्यामध्ये जी रेघ ओढली ती या दोन्ही प्रतिशब्दांत पुसली गेली. पुसली गेली म्हणून मुलाखतीत 'बौद्धिक वातावरण' विचारता येते आणि विचारणाऱ्याला आपण जात विचारतो आहोत याचा पत्ताही लागत नाही.

एवढ्यावर थांबलो तर दोष दुसऱ्यांवर टाकून मी मोकळा होईन. पण ती व्याख्या दुधारी आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी आपल्याच शिकलेल्या माणसांबद्दल खंत व्यक्त केली. शिकून ते स्वतःचे पोट भरण्यात गुंतले, असा तिचा आशय होता. आम्ही पहिल्या पिढीचे पदवीधर, त्यांच्या घटनेमुळे वर्गात आणि स्टाफरूममध्ये आलो. आता घराचे हप्ते आहेत, मुलाची इंग्रजी शाळा आहे, विभागप्रमुखांची मर्जी आहे. आमच्यातही विद्वान वाढत आहेत. वर्गहित आता आम्हालाही आहे, छोटेसे, नवे कोरे, म्हणून अधिकच जपलेले. आमच्या वस्तीतून नोकरीला लागलेला माणूस आधी वस्ती सोडतो. मी सोडली नाही, पण त्यात माझा पराक्रम नाही. फ्लॅटचे भाव ऐकून राहिलो.

चिखलीपासून काही किलोमीटरवर देहू रोड आहे. तेथे, लष्करी छावणीच्या वसाहतीत, २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती स्थापन केली. मनुस्मृती जळाल्याला त्या दिवशी बरोबर २७ वर्षे झाली होती. धर्मांतर अजून पावणेदोन वर्षे लांब होते. 'बुध्' हा धातू कोशातून उचलून छावणीत काबाडकष्ट करणाऱ्या लोकांच्या हातात ठेवण्याचे काम त्या दिवशी झाले, असे मी मानतो. माझे आजोबा त्या गर्दीत होते, असे घरात सांगतात. त्यांना सही येत नव्हती. बौद्धिक वातावरण विचारणाऱ्या सदस्यांना हे सांगायला हवे होते, पण ते मला घरी परतताना, पीएमटीच्या बसमध्ये सुचले.

गेल्या सत्रात द्रेफ्यूस प्रकरण शिकवीत होतो. चाकणच्या एका कंपनीत रात्रपाळी करून येणारा एक विद्यार्थी बहुतेक वेळा मागच्या बाकावर झोपलेला असतो. त्या दिवशी जागा होता. तास संपल्यावर जवळ आला.

"सर, इंटेलेक्च्युअल म्हणजे बुद्धिजीवी असं गाईडमध्ये दिलंय. तुम्ही तर वेगळंच सांगितलं. पेपरात काय लिहू?"

मी त्याला 'लेगेरे' सांगितला, 'विच्' सांगितला, १९४८ ची प्रस्तावना सांगितली. तो ऐकत होता. मग म्हणाला, "ते समजलं, सर. पण पेपर तपासणारे तुम्ही नसणार ना?"

नव्हतो. विद्यापीठाचा पेपर, तपासणारा कोण असेल कुणास ठाऊक. त्याला पहिल्या फटक्यात पास होणे आवश्यक होते. कंपनीत कायम होण्याची गोष्ट पदवीवर अडली होती.

मी म्हणालो, "बुद्धिजीवी लिही."